कपाटामागची भिंत

"ही भेग आधी बघा," बाई म्हणाली, आणि त्याचा सगळा दिवस तिथेच नासला. अजून त्याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली नव्हती, हातोडी बाहेर काढली नव्हती, घरावरून नीट नजरसुद्धा फिरवली नव्हती. दार उघडून "या" म्हणता म्हणता बाईने बोट दाखवलं ते थेट खिडकीच्या कोपऱ्याकडे. तिथून एक तिरकी भेग निघून छतापर्यंत गेली होती, करंगळीचं नख सहज आत जाईल एवढी, आणि तिच्यावर ना चित्र, ना कॅलेंडर, ना पडदा. "उन्हाळ्यात रुंदावते, पाऊस झाला की जरा मिटते," बाई म्हणाली. "बाहेर ते मोठं झाड आहे ना, ते जमिनीतली ओल ओढून घेतं, असं मागे एक जण म्हणाला होता. बाथरूमची भिंत ओली आहे. मागच्या खोलीतली फरशी पोकळ वाजते. माळ्यावरच्या एका तुळईला वाळवी लागून गेलीय. चला, सगळं दाखवते." नव्या डॉक्टरच्या हाती पेशंट द्यावा तसं बाईने घर त्याच्या हवाली केलं. तो उंबऱ्यातच उभा राहिला. त्याच्याशी असं आजवर कोणी वागलं नव्हतं, आणि त्याला राग आला.

घरं विकणारी माणसं त्याच्या लेखी एकजात लबाड होती. चारांतल्या एकाच भिंतीला ताजा रंग दिसला, की त्या भिंतीत ओल. भर उन्हाळ्यात जाड गालिचा अंथरलेला असला, की खाली फरशी फुटलेली. नको त्या जागी मोठा आरसा, म्हणजे मागे भेग. आणि खोलीत पाऊल टाकताच अत्तराचा भपकारा आला की कुठलं तरी लाकूड कुजलेलं. मग घरमालक हात चोळत मागे मागे हिंडतो, आणि एका ठरावीक जागी पोचला की उगाचच म्हणतो, "इथे काही नाही हो." नेमकी तिथे हातोडी मारायची. एवढ्या एका नियमावर त्याचा धंदा उभा होता. बद्द आवाज यायचा, गिलाव्याचा पोपडा सुटून पायाशी पडायचा, आणि मालकाचं तोंड असं उतरायचं की ते बघायला दुपारचं जेवण चुकलं तरी चालेल. दलाल त्याला ठोक्या म्हणत. ते त्याला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. पडेल घरं घ्यायची, डागडुजी करायची, रंग फासून भाडेकरू बसवायचे, हा त्याच्या मेहुण्याचा उद्योग. कुठल्या घराच्या पोटात काय दुखतंय आणि ते बरं होण्यासारखं आहे का, हे आधी सांगायचं काम याचं. मेहुण्याला भेग आणि जळमट यांतला फरक कळत नसे. तरी मेहुणा मालक आणि हा त्याचा माणूस, अशी जगाची रीत होती, आणि जगाबद्दल त्याचं मत काही फारसं बरं नव्हतंच.

बाई पुढे आणि तो मागे, असं घर बघणं सुरू झालं, आणि हेच मुळात उलटं होतं. बाई नर्स होती. उभा जन्म इस्पितळात गेलेला, केस पांढरे, चाल अजून वॉर्डातली. आता जिने चढवत नाहीत म्हणून घर विकून बहिणीकडे जायचं म्हणत होती. प्रत्येक खोलीत शिरली की आधी दिवा लावी, मग जिथे दुखतं तिथे हात ठेवी. "हे बघा, इथे हात लावा. ओलं आहे ना? नळ गळत नाही, मी बघितलं. खालून येतं वर." त्याने हात लावला. ओलं होतं. खालून वरच येत होतं; भिंतीच्या पायथ्याशी पांढरा लोणा फुटला होता. त्याने छिन्नीने थोडा गिलावा खरवडला, कागदात त्याची पुडी बांधली आणि पिशवीत टाकली. घरोघरच्या अशा पुड्या पिशवीच्या तळाशी जमत आणि टाकून द्यायच्या राहून जात. मागच्या खोलीत त्याने फरशीवर टाच आपटली, पोकळ वाजली. तुळईत पेचकस खुपसला, बाईने सांगितलं होतं तेवढाच आत गेला, एक बोटभर जास्त नाही. काचेची गोटी जमिनीवर ठेवली, ती सावकाश खिडकीकडे घरंगळली; घर झाडाच्या बाजूला खचत होतं, म्हणजे झाडाचंही खरं होतं. सगळंच खरं होतं. त्याला चढत्या भाजणीने अपमान वाटत गेला. लपवणाऱ्याला पकडण्यात त्याची हयात गेली, आणि ही बाई आपणहून सगळं काढून दाखवते म्हणजे समजते कोण स्वतःला? एवढी उघडीवाघडी माणसं नसतात. एवढं दाखवतंय कोणी, तर त्याच्याआड मोठं काहीतरी आहे. लहान चोऱ्या कबूल करून मोठी पचवायची, हे तर शेंबडं पोरही करतं.

सकाळी बायकोनेही हेच केलं होतं. ती रंगांच्या कंपनीत, प्रयोगशाळेत होती. रंग किती दिवसांत वाळतो, किती वर्षांत फिकट होतो, हे बघायचं काम. "तुम्ही लोक रंग बनवता म्हणून लोकांच्या भेगा झाकल्या जातात," असं तो लग्नाच्या पहिल्या वर्षी म्हणाला होता, आणि तेव्हा ती हसली होती. नंतर तो तेच वाक्य पाहुण्यांसमोर म्हणू लागला, आणि ती हसेनाशी झाली. कंपनीने तिला दुसऱ्या गावी, नव्या कारखान्यात वरच्या जागेवर बोलावलं होतं. हे तिने बोलावणं आलं त्याच दिवशी, घरात पाऊल टाकल्या टाकल्या सांगितलं होतं. आज सकाळी दोन्ही हातांत चहाचा कप धरून ती म्हणाली, "संध्याकाळी टेम्पो येतोय. आईचं कपाट, माझे कपडे, पुस्तकं, बस. तू येतोस का? आज नाही, महिन्याने ये, दोन महिन्यांनी ये. पण येणार की नाही ते दिवे लागायच्या आत घरी येऊन तोंडाने सांग. फोनवर नको." तो टोस्ट खात होता, खातच राहिला. "तुला टाकून जायचं माझ्या मनात नाही," ती म्हणाली. "तिथे तुझ्याबरोबर राहायला मला आवडेल. पण इथे असं नाही राहवत आता." त्याने विचारलं, का? ती म्हणाली, "तू मला सारखा ठोकून बघतोस. मी थकले. दुसरं काही नाही." दुसरं काही नाही! वाक्य कानावर पडलं आणि हातोडीचा हात टेबलाखाली शिवशिवला.

कारण दुसरं काही नसतं तर माणूस तसं म्हणतो कशाला? बोलावणं आल्यापासून तो शोधतच होता. भेग जिवंत आहे की मेलेली, हे ओळखायला तो तिच्यावर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवून जाई. भिंत आतून हलत असली की काच तडकते, आणि हलायची थांबली असली की तशीच राहते. घरी त्याने अशा कितीतरी पट्ट्या लावल्या. जेवताना सहज म्हटल्यासारखं म्हणाला, "तुझ्या भावाने मला सगळं सांगितलं बरं का," आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत बसला. ती म्हणाली, "काय सांगितलं?" तडा नाही. तिच्या नव्या साहेबाचं नाव मुद्दाम चुकीचं घेतलं; तिने ते बरोबर करून दिलं आणि भात वाढून घेतला. तडा नाही. एकदा ती अंघोळीला गेली असताना तिची पर्स उघडली: चष्मा, बसचा पास, खोकल्याच्या गोळ्या. याची त्याला लाजही वाटली नाही; वाटला तो वैताग. सामान्य लबाड माणसं दोन ठोक्यांत बोलती होतात, आणि ही आपली बायको असून इतकी पक्की निघावी! सापडत नाही म्हणजे नाही असं थोडंच? सापडत नाही म्हणजे खोल आहे.

खिशातला फोन थरथरला. मेहुणा होता. "काय भावोजी, कसं काय घर? घेऊ का?"

"थांब. बाई काही सांगत नाहीये."

"कुठे काय बिघडलंय ते फोनवर मला सगळं म्हणाली ती. भेग, ओल, वाळवी, फरशी..."

"तेच म्हणतोय मी. एवढं सांगतेय म्हणजेच काही सांगत नाहीये."

मेहुण्याने ते वाक्य एकदा स्वतःशी पुटपुटून बघितलं. त्याच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरायला असाच वेळ लागे. मग म्हणाला, "बरं, झाडाची फांदी छाटून, कोपऱ्यात पाया थोडा भक्कम करून भागेल की नाही, तेवढं सांगा. आणि भावोजी, ताई आज निघतेय ना? तुम्ही तिथे काय करताय? तिचा फोन आला होता मला. तुमची वाट बघतेय म्हणाली."

"आणखी काय म्हणाली?"

"आणखी काही नाही."

"तूच कान भरलेस तिचे."

"मी कशाला भरू? अहो, मला तर ती इथेच हवी होती. तुम्ही जा घरी. घर काय, उद्या बघता येईल."

त्याने फोन बंद करून पिशवीत टाकला. भावंडं एकाच चुन्यातली, एकच वाक्य घोकून ठेवलेलं: काही नाही, काही नाही. खिडकीतून ऊन आता आडवं येऊ लागलं होतं आणि त्या भेगेची एक कड उजळून दिसत होती. घरी जायला वेळ होता. दोन बस सोडल्या तरी वेळ होता. त्याने मनाशी घरी गेल्यावरचं चित्र रंगवून बघितलं: दाराशी टेम्पो, ती पायरीवर बसलेली, तो म्हणतो, "येतो." एवढा एकच शब्द. तो तोंडातल्या तोंडात म्हणूनही बघितला; जुन्या सवयीचा, जवळजवळ गोड लागला. तिचा उन्हाने तापलेला दंड त्याला आठवला, लग्नाआधी एका रिकाम्या, रंग न दिलेल्या घरात ती त्याला ओळंबा धरून दाखवत होती तेव्हाचा. "हा बघ, सरळ लटकला," ती म्हणाली होती, "याला खोटं बोलता येत नाही." तेव्हा त्याला वाटलं होतं, हीच. आणि मग लगेच वाटलं, की नुसतं येतो म्हणायचं? काय आहे ते कळायच्या आत? न बघता घर घ्यायचं? त्याच्यासारख्या माणसाने? उद्या मेहुणा आणि सगळे दलाल हसतील: ठोक्याला बायकोने गंडवला.

"ती ट्रंक बाजूला घ्या," तो बाईला म्हणाला.

"तिच्यामागे काही नाहीये," बाई म्हणाली.

झालं! त्याला एकदम हलकं वाटलं, सकाळपासून पहिल्यांदाच. तो ट्रंकेवर तुटून पडला. ट्रंक जड होती, बाईने दुसरी कडी धरली, दोघांनी ती ओढली. मागे भिंत होती. त्याने ठोकलं, भरीव. खाली ठोकलं, भरीव. छिन्नी घेऊन रंग खरवडला, तर रंगाखाली जुना रंग आणि त्याखाली खणखणीत गिलावा. मग तो स्वयंपाकघरातल्या फळ्यांमागे गेला, फ्रीजमागे गेला, जिन्याखालच्या अडगळीत गुडघ्यांवर रांगला. बाईने आधी मदत केली, मग खुर्ची ओढून बसली. कोळ्याची जाळी त्याच्या केसांत अडकली होती, कोपर खरचटलं होतं, आणि तो भिंतीमागून भिंत ठोकत चालला होता. भिंतीही त्या बाईच्याच. जेवढं तिने सांगितलं होतं तेवढंच बोलत होत्या. मूर्ख घर, त्याला वाटलं. धड लपवतासुद्धा येत नाही.

स्वतःच्या घरातली एक भिंत मात्र त्याने कधी ठोकली नव्हती: तिच्या आईच्या कपाटामागची. त्या खोलीत त्याला वास येई. कुबट, लोणा फुटलेल्या भिंतीचा, ओळखीचा वास; हजार घरांत घेतलेला, चुकणं शक्यच नाही. कपाटामागे ओल आहे, असं तो वर्षानुवर्षं म्हणत आला होता. ती म्हणायची, "नाही रे, काही नाही तिथे. सरकवून बघ ना." तो सरकवत नसे. ठाऊक असलेली गोष्ट काय बघायची? आणि ती इतक्या सहज "बघ" म्हणते, हाच पुरावा होता. रात्री पलंगावर पडल्या पडल्या तो अंधारातल्या कपाटाच्या आकाराकडे बघत राही, आणि त्याच्या पाठीमागे हळूहळू वर चढणारी ओल त्याला जवळजवळ ऐकू येई. एकदा ती त्या वासाबद्दल काहीतरी म्हणालीही होती, उठून बसून, अगदी मनापासून; आणि तो खदाखदा हसला होता. काय म्हणाली होती ते आता आठवत नव्हतं. हसलेलं मात्र चांगलं आठवत होतं, कारण ती मग कुशीवर वळली आणि त्यानंतर त्या विषयावर बोलली नाही. गप्प बसली म्हणजे पकडली गेली, असं त्याने तेव्हा धरलं होतं.

मागच्या खोलीत पलंगाखालची एक फरशी त्याने पहारीने उचकटली. पोकळ वाजणाऱ्या सगळ्याच फरश्यांखाली काय असतं ते त्याला माहीत होतं: माती दबलेली, मध्ये हवा. तरी तो पालथा झोपून आत हात घालून चाचपत राहिला. माती होती, दबलेली. मध्ये हवा होती.

"तुम्ही शोधताय काय?" बाईने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. चक्कर येऊन पडलेल्या माणसाला विचारतात तसं तिने विचारलं.

"तुम्ही सांगितलं नाही ते."

"जे होतं ते पहिल्याच फटक्यात सांगितलं की."

"कशाला पण? घर विकायचंय ना तुम्हाला?"

"विकायचंय म्हणून तर. पेशंट दुखणं चोरतो ना, तेव्हा सगळ्यांचाच दिवस वाया जातो. मी फार बघितलंय ते."

"आणि दुसरं काही नाही?"

"दुसरं काही नाही," बाई म्हणाली, उठली आणि तिने दिवा लावला. "अंधारात काय दिसणार तुम्हाला?"

तो पलंगाखाली तसाच पडून राहिला. पिवळा उजेड फरशीवर पसरला होता, आणि त्या उजेडात त्याचा मातीने भरलेला हात, उचकटलेली फरशी आणि तिच्याखालचा खड्डा हे सगळं फार स्वच्छ दिसत होतं. दिवे लागले होते. खिडकीबाहेर समोरच्या घरातही लागले होते, त्याच्या पलीकडच्या घरातही. तो धडपडत बाहेर आला, हत्यारं पिशवीत कोंबली. "फरशी बसवून देणार ना?" बाई विचारत होती, आणि तो जिना उतरत होता.

बसमध्ये तो उभाच राहिला, बसायला जागा असून. एवढ्यात कुठे गेली असेल? ती थांबली असेल. दिवे लागायच्या आत म्हणजे काय, बोलायची एक पद्धत असते; माणूस असं म्हणतो आणि थांबतो. कोणी आपल्या बोलण्याचं शब्दन् शब्द खरा करत नसतं. आणि ती थांबलेली असली, म्हणजे ते सगळं नुसतं धमकावणं होतं हेही सिद्ध होईल, असा विचार त्याच्या मनात आला, आणि तो विचार आला याने तो क्षणभर सुखावलासुद्धा. मग लगेच तो स्टॉप यायच्या आधीच बसच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

दाराशी टेम्पो नव्हता. कुलूप होतं, आणि त्याची किल्ली त्याच्याकडे होतीच. घरात स्वयंपाकघरातलं सगळं जागच्या जागी होतं, त्याचा कप धुऊन पालथा घातलेला. खोलीत त्याने दिवा लावला. कपाट गेलं होतं. जिथे ते उभं असे तिथे भिंतीवर एक उंच, फिकट निळा चौकोन होता. लग्नानंतर दोघांनी मिळून दिलेला रंग, बाकी खोलीवर कधीच मळून करडा झालेला, इथे मात्र कालच दिल्यासारखा. त्याच्या हाताची एक ओबडधोबड रेघ आणि तिच्या ब्रशचा सरळ फटका, दोन्ही ओळखू येत होते. वास येत होता. तोच. त्याने पिशवी खाली ठेवली, हातोडी घेतली, आणि पायथ्याशी ठोकलं, अगदी खाली, जिथून ओल चढते. भरीव. वर ठोकलं. भरीव. हाताचा तळवा टेकला, मग गाल टेकला. भिंत कोरडी ठणठणीत होती. नाक लावून हुंगलं तर जुन्या लाकडाचा आणि तिच्या कपड्यांतल्या साबणाचा अगदी पुसट वास. आणि तरीही खोलीत तो दुसरा, कुबट वास होताच.

त्याने फोन चालू केला आणि लावला. तिने लगेच उचलला. मागे गाडीचा घरघर आवाज होता.

"कपाटामागची भिंत कोरडी आहे," तो म्हणाला.

"हो."

"मग वास कुठून येत होता?"

"तुझ्या पिशवीतून," ती म्हणाली. "घरोघरची ओल उचलून आणतोस आणि पलंगाखाली ठेवतोस. सांगितलं होतं मी तुला एकदा. तू हसलास."

त्याने पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे बघितलं. तोंड उघडं होतं, आत पुड्यांचा ढीग, कागद ओलसर होऊन पिवळे पडलेले. आजची सगळ्यात वर होती. फोनमध्ये गाडीने कुठेतरी वळण घेतलं, तिने फोन ठेवला नव्हता. ती वाट बघत होती हे त्याला स्पष्ट कळलं. एक शब्द बोलायचा होता, आणि तो जिभेवर आलाही होता, दुपारपासून तयारच होता. त्याने श्वास घेतला.

"आणि दुसरं काही?" तो म्हणाला.

पलीकडे ती हसल्यासारखी वाटली. चिडून नव्हे, फार दमलेलं माणूस हसतं तसं. "नाही रे," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तो बराच वेळ त्या निळ्या चौकोनासमोर उभा राहिला. रडू येईल असं वाटलं, पण तेही त्याला संशयास्पद वाटलं. मग त्याने हातोडी पुन्हा हातात घेतली आणि खिडकीच्या बाजूला वळला. एक भिंत कोरडी निघाली म्हणून काय झालं? खोलीतल्या बाकीच्या तीन अजून बघायच्या होत्या.